फळ्यावरचं कुवेत

दोन किलोचं लोखंडी वजन मुठीत धरून कुणी जबड्यावर मारलं की आधी आवाज येतो, दुखणं मागाहून येतं. आवाज आपल्याच डोक्यातून येतो, कुणी आत बसून पापड मोडल्यासारखा. मग तोंडात खडे फिरायला लागतात आणि कळतं की हे आपले दात आहेत. माझे दोन गेले. मारणारा आमच्या लाईनचा मापाडी होता. मी तो मार कमावलेला होता, पण त्या दिवशी हे मी कुणाला सांगितलं नाही.

एक्याण्णवचा जानेवारी महिना, तुर्भ्याचा कांदा-बटाट्याचा बाजार. माझे वडील, आबा, तिथं माथाडी. टोळी सगळी साताऱ्याकडची, निम्मी आमच्याच गावची. मी बावीस वर्षांचा. कॉलेज अर्धवट सोडलेलं आणि एका लहानशा संघटनेचं पूर्णवेळ काम धरलेलं. पूर्णवेळ म्हणजे दोन्ही वेळा आईच्या हातचं जेवायचं आणि मधल्या वेळात जगातल्या अन्यायावर पत्रकं लिहायची. मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, वाक्य असं पाहिजे की उभ्याउभ्या वाचणाऱ्याच्या हातातला चहा थांबला पाहिजे. 'पण', 'तरीही', 'कदाचित' हे शब्द पत्रकात येता कामा नयेत. मी चांगला विद्यार्थी होतो. वर्षभरात हे शब्द माझ्या बोलण्यातूनसुद्धा गेले.

गाळ्यांच्या लाईनच्या तोंडाशी चहाची टपरी होती, तिच्या बाजूला मी फळा टांगला होता. रोज सकाळी मी त्यावर जगातली एक बातमी लिहायचो आणि तिच्या खाली तिचा इतिहास. माथाडी चहा पितापिता वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. माझं म्हणणं होतं, आज जे घडतंय ते काल कुणीतरी करून ठेवलंय, आणि ते कळलं की माणूस फसत नाही. हे म्हणणं मी आजही मागे घेत नाही. मी ते ज्या पद्धतीनं केलं त्याबद्दल मात्र बोलायला पाहिजे.

त्या महिन्यात बातमी एकच होती. ऑगस्टात इराकनं कुवेत गिळलं होतं आणि आता अमेरिकेची विमानं बगदादवर बॉम्ब टाकत होती. त्याची झळ आमच्यापर्यंत आली होती. रॉकेलच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या. डिझेल नाही म्हणून नाशिककडचे ट्रक येत नव्हते. ट्रक कमी म्हणजे गोणी कमी, आणि गोणी कमी म्हणजे रोज कुणाचं तरी डोकं फुटणार. पाळीवरून दोघांनी एकमेकांचे कान चावले. एका ड्रायव्हरला त्याच्याच टॉमीनं, चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, झोडपलं. रिक्षांवर इराकच्या मिशीवाल्या अध्यक्षाचे फोटो लागले होते. काही जण ते फाडायचे, मग फाडणाऱ्याला बाकीचे फोडायचे. आमच्या टोळीतले निम्मे त्या मिशीवाल्याच्या बाजूनं होते, कारण तो गोऱ्या साहेबाला नडला होता. उरलेले निम्मे विरुद्ध होते, कारण तो मुसलमान होता. कुवेतच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

एक सोडून. आमचा मापाडी.

मापाडी म्हणजे वजन करणारा माणूस. माथाडी पाठीवरून गोणी आणून काट्यावर टाकणार आणि मापाडी वजन पुकारणार. हा पनवेलजवळच्या नावड्याचा, कोकणी मुसलमान, पस्तिशीचा, किडकिडीत, आवाज मात्र असा की चार लाईन पलीकडं ऐकू जावा. टोळी त्याला मस्करीत 'मापाडीशेठ' म्हणायची. त्याचा मोठा भाऊ कुवेतमध्ये एका व्यापाऱ्याच्या शीतगृहावर ड्रायव्हर होता. इराकी सैन्य आलं तेव्हा बाकीचे लोक वाळवंटातून जॉर्डनला गेले आणि विमानानं परत आले. याचा भाऊ आला नाही. मालक पळताना शीतगृहाच्या किल्ल्या त्याच्या हातात देऊन गेला होता, म्हणून तो थांबला. ऑगस्टनंतर पत्र नाही, पैसा नाही. नावड्याच्या घरात म्हातारी आई, भावाची बायको, तिची चार पोरं, मापाड्याची स्वतःची बायको-पोरं. एवढी सगळी माणसं आता एका काट्यावर जगत होती. हे सगळं त्यानं मलाच सांगितलं होतं, त्याच टपरीवर, मला चहा पाजून.

म्हणजे मला माहीत होतं. हे इथंच लिहून ठेवतो.

त्या सकाळी मी फळ्यावर लिहिलं: 'कुवेत हा देश नाही. पहिल्या महायुद्धानंतर एका इंग्रज साहेबानं तंबूत बसून नकाशावर लाल पेन्सिलीनं रेघा ओढल्या. त्या रेघांच्या आत तेल निघालं. तेलावर शेख बसवले. शेखांच्या दारात आपली माणसं राबतात. नोकरानं मालकासाठी रडू नये!'

पेन्सिलीची गोष्ट खरी आहे. शेवटचं वाक्य इतिहास नव्हता, ते पत्रक होतं. चहा थांबवणारं वाक्य.

मापाडी काट्यावरून उठून आला. हातात वजन तसंच होतं.

"काय लिवलंस रे ह्ये?"

"वाचता येतं ना?"

"येतं म्हनून तर इचारतो. शेवटची वळ पुस."

"का?"

"माजा भाव हाय तिकडं."

टपरीवरून कुणीतरी हसलं. "मापाडीशेठ, भाऊ शेख झाला का काय? उंट पाठवा म्हनावं एखादा, गोण्या वाहायला."

"पुस म्हनतो ना. पाच म्हयने झाले, खबर नाय. घरात त्याची बायको हाय. पोरं हिकडं येत्यात कधीमधी. त्यांनी ह्ये वाचायचं?"

"इतिहास पुसायचा नसतो," मी म्हणालो. दहाबारा माणसं ऐकत होती. मला ऐकणारी माणसं असली की माझा आवाज आपोआप चढायचा. "किल्ल्या घेऊन बसलाय ना तुझा भाऊ? मालक पळाला आणि हा कुलूप राखत बसला. शेखाच्या ताटाखालचं मांजर. मेलं तर एक मांजर कमी."

त्यानं मारलं.

मी मातीत बसलो. फळा माझ्या अंगावर पडला. मापाडी वजन टाकून माझ्याकडं वाकला होता, बहुतेक मला उचलायलाच. पण ते मागच्यांना दिसलं नाही. त्यांना आपल्या टोळीतल्या माणसाचं पोर रक्तात दिसलं आणि त्याच्यावर वाकलेला मुसलमान दिसला.

"पोराला मारलं रं! मियानं आपल्या पोराला मारलं!"

इथं टोळीचा कायदा सांगायला हवा. कुठल्या कागदावर नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. टोळीतल्या माणसाचं रक्त सांडलं तर सगळी टोळी उठणार. आणि गोणी ओढायचा लोखंडी हूक परक्याच्या भांडणात कुणी काढला, तर तो हूकवाला पंधरा दिवस घरी बसणार. माथाड्याचा मुलगा टोळीचाच धरायचे, कारण बाप थकला की बापाचा बिल्ला, म्हणजे त्याची कामावरची जागा, त्याच्याच गळ्यात पडणार. मी आबांना घरी सांगितलं होतं की मला बिल्ला नको, मला गोणी उचलायची नाही. आईनं ऐकलं होतं, आबांनी न ऐकल्यासारखं केलं होतं. टोळीसमोर हे कुणी बोललं नव्हतं. म्हणून कायद्यानं मी टोळीचा.

टोळीचा मुकादम बटाट्याच्या थप्पीवर उभा होता. सहा फुटी गडी. तो थप्पीवरून खाली उडी मारून आला आणि त्याच्या मागून चाळीस माणसं. मापाडी दोन पावलं मागे सरकला आणि काट्यावर अडखळून पडला. पहिल्या लाथा पोटात बसल्या. कुणी कांद्याची रिकामी पाटी त्याच्या डोक्यावर फोडली. कुणी त्याच्याच काट्याची साखळी काढून त्याच्या पाठीवर घातली. तो ओरडत होता, "आरं ऐकून घ्या, त्याला इचारा, त्याला इचारा!" माणसं त्याला मारतामारता माझ्याकडं बघत होती, रक्त अजून येतंय ना हे बघायला, म्हणजे हात आणखी जोरात चालेल. मुकादमानं हूक काढला. मापाड्यानं तोंडासमोर उजवा हात धरला. हूक त्या तळव्यातून आरपार गेला. आणि मुकादमानं तो गोणीला ओढतात तसा ओढला, सवयीनं. वीस वर्षं त्यानं हूकनं दुसरं काहीच केलं नव्हतं. हूक लागला की ओढायचा. माणूस गोणीसारखा फरफटत पुढे आला. त्याचा तो पुकारणारा आवाज एकदम बारीक झाला, लहान मुलीसारखा.

मला बोलता येत होतं. जबडा सुजायला अजून वेळ होता. 'थांबा, मी शिवी दिली त्याच्या भावाला' एवढं म्हणायला किती दात लागतात? मी रक्त थुंकलो आणि गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, चाळीस माणसं माझ्यासाठी उठली होती आणि मला बरं वाटत होतं. ज्या माणसांना वर्षभर फळा वाचून दाखवून मी जागा सोडायला लावू शकलो नव्हतो, ती सगळी एका फटक्यात उठली होती.

पोलीस आले. त्यांनी काठ्या चालवल्या, ज्याच्या अंगावर पडेल त्याच्या. आबा मापाड्याला ओढून बाजूला काढत होते. त्यांच्या कंबरेत दोन बसल्या. त्या कंबरेचं आधीच काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोळीनं सांगून टाकलं: तो मापाडी काट्यावर असेल तोवर त्या काट्यावर एकही गोणी चढणार नाही. व्यापाऱ्यांना मापाडी काय, दुसरा मिळतो. त्यांनी नावड्याला निरोप पाठवला, हात बरा झाला तरी येऊ नको. पोलिसांत कुणीच कुणाचं नाव सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रिक्षास्टँडवर एक पत्रक वाटलं गेलं. आमचं नव्हे. 'हमालाच्या लेकराचा जबडा फोडला! इराकच्या हस्तकाचा माज! कुठवर सहन करणार?' तीन शब्द लाल शाईत. भावाचा उल्लेख नाही, किल्ल्यांचा नाही, फळ्याचा नाही. ज्या इराकी सैन्यानं त्या घराची चूल बंद केली त्याच इराकचा त्याला हस्तक करून टाकलं होतं. मी ते वाचलं आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर चांगलं लिहिलंय. एकही 'पण' नाही.

त्याच दुपारी नाक्यावर एक रिक्षा पेटवली, मिशीवाल्याचा फोटो लावलेली. ड्रायव्हरला फरफटत बाहेर काढून विटांनी ठेचलं. तो उत्तरेकडचा कुणी गरीब माणूस होता. फोटो मालकानं लावलेला होता. संध्याकाळी ते पत्रक काढणारी चार माणसं आमच्या घरी आली. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. पुढच्या आठवड्यात सभा आहे, तुम्ही पट्टी बांधून स्टेजवर बसा, बोलायची गरज नाही. आईनं त्यांना चहा दिला. मी 'बघतो' म्हणालो. म्हणजे नाही म्हणालो नाही.

ते गेल्यावर आबांनी मला हाक मारली. ते पालथे पडले होते आणि आई त्यांची कंबर गरम विटेनं शेकत होती.

"फळ्यावर काय लिवलं व्हतंस?"

मी सांगितलं. साहेब, तंबू, लाल पेन्सिल. शेवटचं वाक्य गाळलं.

"कुठशी हाय ह्ये?"

"इराक, कुवेत. बसऱ्याच्या खाली."

"बसरा?" आबांनी मान वळवली. "माझा आजा मेला की तिथं."

मला वाटलं, दुखण्यानं बडबडताहेत.

"पल्टनीत व्हता. पयल्या लढाईत बोटीनं नेली सगळी, बसऱ्याला उतरवली. वर कुठंतरी येढा पडला त्यांना. घोडी खाल्ली म्हनं. आपल्या चावडीच्या भितीत दगड न्हाई का, साहेबाच्या अक्षरातला? ज्याच्यावर तुमी पोरं चिचा फोडायचा?"

दगड मला माहीत होता. या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, इतकी परत आली नाहीत, असं काहीतरी त्यावर होतं. मी त्यावर चिंचा फोडल्या होत्या. वाचला नव्हता. जगाचा इतिहास रोज फळ्यावर लिहिणारा मी, आमच्या चावडीचा दगड वाचला नव्हता.

"आजीला येक मेडल आलं व्हतं," आबा म्हणाले. "ती हळदीच्या डब्यावर ठेवायची, मांजर झाकन उडवायचं म्हनून. तू म्हनतोस साहेबानं रेघ मारली. आन् साहेब तिथवर पोचला कुनाच्या खांद्यावर बसून? आमच्याच की. हळू गं, चटका बसतोय!"

ते काही मला शिकवत नव्हते. कंबर दुखत होती, ते चिडले होते. पण मी तिथंच बसलो. माझ्या पत्रकांत इतिहास कायम दुसरे करायचे. इंग्रज करायचे, अमेरिका करायची, शेठ लोक करायचे, आणि आम्ही तो सोसायचो. त्या वाळवंटात आमच्या घरचा माणूस बंदूक घेऊन उतरला होता, दुसऱ्याच्या पगारावर, दुसऱ्याच्या किल्ल्या राखायला, हे माझ्या कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. मापाड्याच्या भावाला मी ज्या शब्दानं मारलं, तो शब्द आधी आमच्या घरात लागू होत होता.

शुक्रवारी मी नावड्याला गेलो. फाट्यावर बसमधून उतरलो आणि मापाड्याचं घर विचारलं. तीच चूक झाली. तोंडावर पट्टी बांधलेला परका माणूस कशाला आलाय ते गल्लीला लगेच कळलं. तिघांनी मला भिंतीला लावलं. एकानं गळा धरला, एकानं पोटात दिला.

"उरलेले दात द्यायला आलास काय रे?"

मी खाली बसलो तर गुडघा बसला. मग दारातून तो आवाज आला, बारीक झालेला. "सोडा त्याला. त्याचं जे घ्यायचं ते मी घेतलंय."

त्याचा उजवा हात पांढऱ्या बोचक्यासारखा गळ्यात बांधलेला होता. दोन बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळा काळानिळा, ओठ शिवलेला. ओटीवर त्याची आई बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्योच काय तो? येवढासा?"

"ह्योच."

"कुवेत देश नाय म्हनतो तो?"

मी मान खाली घातली.

"तुज्या सायबाच्या आदीपासून आमी तिकडं जातंव," म्हातारी म्हणाली. "माजा सासरा तांडेल व्हता. पनवेलच्या बंदरातून गलबत हाकायचा. कौलं न्यायचा, लाकूड न्यायचा, बसऱ्याचा खजूर आनायचा. तवा कुवेत म्हंजे मातीच्या घरांचं गाव. तिकडं आपलाच रुपया चालायचा. पासपोर्ट नाय, काय नाय. शेख खजुराची टोपली घेऊन सासऱ्यासंगती बसायचा. कोन नोकर आनि कोन मालक?" मग एकदम तिचा आवाज फाटला. "माजा पोर मांजर हाय काय रे? बोल ना! त्याच्या बायकोसमोर बोल!"

भावाची बायको आतल्या दारात उभी होती. ती रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बातम्या बघायला जायची. बातम्यांत तोफा असायच्या, विमानं असायची, धूर असायचा. माणूस एकही नसायचा. तरी ती जायची.

मी माफी मागायला लागलो. मापाड्यानं डावा हात वर केला.

"माफी नको. ती मला शिजवून खाता येत नाय. माजी काट्यावरची जागा जाते. तू टोळीला सांग, मी का मारलं ते. तू काय बोललास ते जसंच्या तसं सांग. मग जागा गेली तर गेली."

रविवारी बाजार बंद असतो. सकाळी टोळी रिकाम्या शेडमध्ये बसली होती, पुढच्या आठवड्याच्या पाळ्या ठरवायला. मी उभा राहिलो. तोंड सुजलेलं, शब्द चावून चावून येत होते. मी जे बोललो होतो ते सगळं सांगितलं. मांजर, किल्ल्या, मेलं तर एक कमी. तो पाच महिने भावाची वाट बघतोय हे मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

मुकादम म्हणाला, "बरं, मग? तू चुकलास, तो बी चुकला. पर रगात टोळीचं सांडलं. आमी कायद्यानं उठलो."

मला हे उत्तर येणार हे माहीत होतं. त्यावर एकच गोष्ट होती आणि ती बोलली की परत घेता येणार नव्हती.

"मी टोळीचा नाही," मी म्हणालो. "आबांचा बिल्ला मी घेणार नाही. दोन वर्षांपूर्वी घरी सांगितलंय. तुमच्यासमोर आज सांगतो. तुम्ही परक्याच्या भांडणात उठलात. हूक परक्याच्या भांडणात निघाला."

मग मुकादम उठला. "म्हंजी तुज्यासारख्या भाड्यासाठी मी मानसाचा हात फाडला?" तो माझ्यावर धावून आला, पण आबा त्याच्या आधी पोचले. आबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा मारलं. उघड्या पंजानं, त्याच जबड्यावर. टाका तुटला, रक्त शर्टावर आलं. दुसरी मारली, तिसरी मारली. "दोन सालं कंबर वढत काम केलं, पोरगा घील म्हनून! चारचौघांत सांगायचं व्हय रं? चारचौघांत?" कुणी त्यांना धरलं नाही. चौथ्या फटक्याला त्यांचीच कंबर धरली आणि ते गोण्यांच्या रिकाम्या ढिगावर बसले.

मग टोळीतच जुंपली. काही जण म्हणाले, कायदा तो कायदा. काही म्हणाले, मियासाठी मुकादम घरी बसणार? एकानं दुसऱ्याचं तोंड फोडलं, तिसऱ्यानं फावडं उचललं. शेवटी मुकादमानंच शिट्टी मारली, गोणी उतरवताना मारतात तशी. कमरेचा हूक काढला आणि शेडच्या खिळ्याला अडकवला. "पंधरा दिस. आन् त्याला म्हनावं ये. पर ह्या पोरानं लाईनीत पाय ठेवला तर मी ठेवनार न्हाई." एवढं बोलून तो निघून गेला.

सभा माझ्याशिवाय झाली. त्या आठवड्यात घरी आलेल्या त्या चौघांनी मला नाक्यावर गाठलं आणि मारलं. आधीच्या तिन्ही मारांत समोरचा माणूस चिडलेला होता. यात कुणीच चिडलेलं नव्हतं. एक मारत होता, एक रस्ता बघत होता, एकानं माझा चष्मा काढून नीट कट्ट्यावर ठेवला. बरगडी मोडली. नव्या पत्रकात मी 'विकला गेलेला' झालो. संघटनेनंही विचारलं की शिस्त सोडून परस्पर कशाला बोललास.

मार्चात मापाडी आला. हाताचं बोचकं सुटलं होतं, पण हात अजून उचलत नव्हता. मी रस्त्याच्या पलीकडं, बंद गाळ्याच्या पायरीवर बसून बघत होतो. लाईनीत यायची मला बंदी होती. युद्ध तोवर संपलं होतं. इराकी सैन्य पळताना माणसं आणि गाड्या घेऊन गेलं, आणि त्या रस्त्यावर विमानांनी सगळं जाळलं, असं पेपरात आलं होतं. त्याच्या भावाची खबर नव्हती. त्यानंतरही आली नाही.

तो डाव्या हातानं काटा चालवत होता. वजनाचा दांडा सरकवायला त्याला दुप्पट वेळ लागत होता. पाठीमागं गोण्या घेऊन वाकलेल्या माणसांची रांग लागली. एक ट्रकवाला हॉर्न देत होता, आई-बहिणीवर शिव्या देत होता. एका तरुण माथाड्यानं गोणी काट्यावर आदळली, मुद्दाम, बोटं सापडावीत अशी. मापाड्यानं हात वेळेवर काढला. रांगेत आबा तिसरे होते. पन्नास किलो पाठीवर, कंबर वाकडी झालेली.

"आबा, उतरवा की जरा," मागचा म्हणाला. "त्याचं काय लवकर व्हत न्हाई."

"त्याचं होऊ दे," आबा म्हणाले.

त्यांनी गोणी उतरवली नाही. त्यांची पाळी आली तेव्हा ती काट्यावर हळू ठेवली. मापाड्यानं डाव्या हातानं दांडा सरकवला, थांबला, परत मागे घेतला, आणि मग वजन पुकारलं. आवाज चार लाईन पलीकडं गेला नाही. रस्त्याच्या पलीकडं मला जेमतेम ऐकू आला.

आबांनी अजून तीन वर्षं गोणी उचलली. माझ्याशी ते पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत बोलले नाहीत. मापाडी अजूनही बोलत नाही.